१२९० साल: ज्ञानेश्वरीचं वर्ष, दान्तेचे तीन नऊ आणि आकड्यांचं खरं-खोटं

प्रश्न थोडक्यात असा होता की ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये म्हणजे इसवी सन १२९० ला पूर्ण झाली, तर त्याच वर्षी बाकी जगात काय चाललं होतं, १२९० या आकड्यात गणिताच्या दृष्टीनं काही खास आहे का, आणि शके १२१२ हा बारा-बारा आकडा मुद्दाम जुळवून आणलाय का. तिन्ही प्रश्न एकत्र आले ते बरं झालं कारण तिघांचं उत्तर एकमेकांत गुंतलेलं आहे. मी वीस-बावीस वर्षं जुन्या कागदांच्या नि शिलालेखांच्या तारखा जुळवायचं काम करतोय, पोटापाण्याचा धंदा वेगळा, हे आपलं वेड. तेव्हा जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या. १२९० हा त्या वर्षाचा आकडा नाहीये, तो एका मोजपट्टीवरचा आकडा आहे. वर्ष म्हणजे पृथ्वीची सूर्याभोवती एक फेरी, तिच्या अंगावर नंबर छापलेला नसतो. आणि त्या काळात जगात डझनभर मोजपट्ट्या एकाच वेळी वापरात होत्या. उदाहरण घ्या १ मार्च १२९० चं. त्या दिवशी पोर्तुगालचा राजा दिनिश यानं एका सनदेवर सही केली आणि लिस्बनला विद्यापीठ निघालं, तेच पुढे कुइंब्रा विद्यापीठ म्हणून ओळखलं गेलं, आजही ते लोक १ मार्चलाच वर्धापनदिन करतात. पण पोर्तुगालमध्ये तेव्हा इसवी सन वापरतच नव्हते, त्यांची 'सीझरचा शक' म्हणून वेगळी गणना होती जी इसवीच्या ३८ वर्षं पुढे चालायची, म्हणजे त्यांच्या लेखी ते साल १३२८. इंग्लंडमध्ये नवीन वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणून तिथला कारकून त्याच दिवशी १२८९ लिहीत होता. कैरोत हिजरी ६८९ चा सफर महिना चालू. ज्यूंचं ५०५०. कॉन्स्टँटिनोपलला सृष्टीच्या आरंभापासून मोजून ६७९८. आणि पैठण-नेवाशाकडे? तिकडे फाल्गुन वद्य चालू होता, पाडवा अजून दोनेक आठवडे लांब, म्हणजे शके १२११! जे साल आपण 'ज्ञानेश्वरीचं साल' म्हणतो त्यातच लिस्बनचं विद्यापीठ निघालं असं सांगायला फार छान वाटतं, पण आपल्या पंचांगाप्रमाणे ते आदल्या वर्षात जातं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की १२९० च्या आकड्यात काही जादू असेल तर ती यातल्या कुठल्या आकड्यात आहे असं धरायचं? १३२८ मध्ये, ६८९ मध्ये, का ५०५० मध्ये? गंमत पुढे येतेय, आधी जगात काय झालं ते बघू.

दिल्लीत त्या वर्षी घराणं बदललं. गुलाम घराण्याचा तरुण सुलतान कैकुबाद आजारी पडून पार लुळा झालेला, त्याला मारण्यात आलं आणि जून १२९० मध्ये जलालुद्दीन खिलजी किलोखरीच्या महालात गादीवर बसला, सत्तरीचा म्हातारा. देवगिरीत तेव्हा रामचंद्रदेव यादव राज्य करत होता, १२७१ पासून, हेमाद्री पंडित त्याचा मंत्री, ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्या श्रीरामचंद्राचा उल्लेख येतो तोच हा. दिल्लीत सुलतान बदलला याचं देवगिरीला त्या दिवशी काही सोयरसुतक असेल असं वाटत नाही. पण त्याच म्हाताऱ्याचा पुतण्या आणि जावई अलाउद्दीन सहा वर्षांनी, १२९६ ला, कडा-माणिकपुराहून निघून थेट देवगिरीवर आला, लूट घेऊन परत गेला आणि त्याच साली काकाचा खून करून सुलतान झाला. म्हणजे आपल्या दृष्टीनं १२९० मधली सगळ्यात महत्त्वाची घटना कुठली म्हणाल तर एक नेवाशातली आणि एक किलोखरीतली, आणि दोन्ही ठिकाणच्या माणसांना एकमेकांचा पत्ताही नव्हता.

इंग्लंडमध्ये १८ जुलैला पहिल्या एडवर्डनं सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढायचा हुकूम सोडला, मुदत १ नोव्हेंबरपर्यंत. ही बंदी साडेतीनशेहून जास्त वर्षं टिकली, १६५६ ला क्रॉमवेलच्या काळात कुठे ती सैल झाली. आता तारीख बघा. १८ जुलै १२९० हा मंगळवार आणि ज्यू पंचांगात अव महिन्याची नवमी, म्हणजे जेरुसलेमची दोन्ही मंदिरं उद्ध्वस्त झाल्याचा शोक करायचा, उपासाचा दिवस. मी हे स्वतः पडताळून बघितलं होतं कारण अशा 'जुळलेल्या' तारखा बऱ्याचदा नंतर कुणीतरी जुळवलेल्या असतात. त्या वर्षी त्यांचा वल्हांडण सण २८ मार्चला मंगळवारी आला होता, तिथून अवची नवमी बरोबर सोळा आठवड्यांनी येते, म्हणजे १८ जुलै, मंगळवारच. जुळतं. एडवर्डच्या माणसांनी हे ठरवून केलं असं म्हणायला मला तरी आधार दिसत नाही, पण ज्यांच्यावर ते आलं त्यांना तो योगायोग वाटला नसणार हे नक्की.

त्याच एडवर्डची राणी एलिनॉर २८ नोव्हेंबरला लिंकनजवळ हार्बी गावात वारली. तिचा देह वेस्टमिन्स्टरला आणताना जिथे जिथे रात्रीचा मुक्काम पडला तिथे त्यानं दगडी क्रूसस्तंभ उभारले, एकूण बारा. त्यातले तीन अजून उभे आहेत, आणि लंडनच्या चेरिंग क्रॉस स्टेशनच्या नावातला 'क्रॉस' हा त्यातलाच एक. बारा! लगेच कुणीतरी म्हणेल शके बाराशे बारा आणि बारा स्तंभ. थांबा जरा.

बाकीचं भराभर सांगतो. स्कॉटलंडच्या गादीची वारस मार्गारेट, सात वर्षांची पोर, नॉर्वेहून बोटीनं येताना सप्टेंबरमध्ये ऑर्कनी बेटांवर वारली आणि तिथून स्कॉटलंड-इंग्लंडची ती लांबलचक लढाई सुरू झाली. हंगेरीचा राजा लास्लो जुलैमध्ये खून होऊन मेला. इजिप्तचा सुलतान कलावून अक्का शहरावर चालून जायच्या तयारीत असताना नोव्हेंबरमध्ये गेला, मुलानं पुढच्या मे महिन्यात अक्का घेतलं आणि क्रूसेडवाल्यांचं पॅलेस्टाईनमधलं राज्य संपलं. चीनमध्ये कुबलाई खानाची कारकीर्द, झीयुआन काळाचं सत्ताविसावं वर्ष, त्या वर्षीच्या नोंदीत १,३१,९६,२०६ घरं आणि ५,८८,३४,७११ माणसं अशी खानेसुमारी आहे. इतकी बारीक नोंद त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्या राज्याची मी तरी बघितलेली नाही. सप्टेंबरमध्ये उत्तर चीनमध्ये मोठा भूकंपही झाला. आणि इराणचा मंगोल इलखान अर्घुन यानं पोप चौथ्या निकोलसला पत्र पाठवलं, ते आजही व्हॅटिकनमध्ये आहे, त्यावर तारीख आहे 'वाघाचं वर्ष, उन्हाळ्याचा पहिला महिना, नव्या चंद्राचा पाचवा दिवस', म्हणजे १४ मे १२९०. वाघाचं वर्ष ही अजून एक मोजपट्टी.

आता मुख्य माणसाकडे येतो. ८ जून १२९० ला फ्लॉरेन्समध्ये बिआत्रिचे वारली, जिच्यावर इटालियन कवी दान्तेनं आयुष्यभर लिहिलं ती. दान्ते तेव्हा पंचविशीत होता. पुढे काही वर्षांत त्यानं 'व्हिता नुओव्हा' हे पुस्तक लिहिलं, त्यात तिच्या मृत्यूनंतर रडगाणं न गाता हा बाबा चक्क तारखेचं गणित मांडून बसतो. त्याला दाखवायचंय की नऊ हा आकडा तिच्याशी जोडलेला आहे. तर तो काय म्हणतो बघा: अरबांच्या रीतीनं ती महिन्याच्या नवव्या दिवसाच्या पहिल्या तासाला गेली, सीरियाच्या रीतीनं वर्षाच्या नवव्या महिन्यात गेली कारण त्यांचा पहिला महिना म्हणजे आपला ऑक्टोबर, आणि आपल्या रीतीनं त्या सालात गेली ज्यात परिपूर्ण संख्या, म्हणजे दहा, तिच्या शतकात नऊ वेळा पुरी झाली. नऊ दाहे नव्वद, म्हणजे १२९०. मग पुढे नवाचं मूळ तीन, तीन म्हणजे त्रिमूर्ती, वगैरे वगैरे.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मोठ्यानं हसलो होतो, कारण ही चोरी आमच्या धंद्यातली आहे, लगेच ओळखू येते. ती गेली ८ जूनला, सूर्यास्तानंतर. आठचा नऊ करायला अरबी रीत घेतली, कारण अरबांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. पण अरबी रीतीतला फक्त दिवसाचा आरंभच घेतला, महिना नाही घेतला! खरा हिजरी महिना घेतला असता तर ती जमादिलावलची २८, सूर्यास्तानंतर २९, आणि तो महिना पाचवा. नऊ कुठेच नाही. म्हणून महिन्यासाठी सीरिया. सीरियाचं साल घेतलं असतं तर १६०१ आलं असतं, त्यातही नऊ नाही, म्हणून सालासाठी परत इसवी. आणि इसवीतही अख्खा १२९० नाही, शतक बाजूला काढून फक्त नव्वद, आणि नव्वदातले दहा वेगळे करून नऊ. तीन नऊ मिळवायला तीन पंचांगं आणि वर थोडी कात्री. पण एक मानावं लागेल, तो लपवत नाही. कुठली रीत कुठे लावली हे स्वतः सांगतो. आजकालचे जे फॉरवर्ड येतात त्यात तेवढा प्रामाणिकपणाही नसतो.

हे दान्तेचं प्रकरण नीट कळलं की 'आकड्यात काही खास आहे का' या प्रश्नाचं निम्मं उत्तर झालं. मोजपट्ट्या पुरेशा असतील तर पाहिजे तो आकडा काढता येतो. तरी करूया, कारण आकड्यांशी खेळायला मलाही आवडतं, फक्त खेळ आहे हे माहीत असलं म्हणजे झालं.

१२९० चे अवयव पाडले तर २ × ३ × ५ × ४३. पहिल्या तीन मूळ संख्या ओळीनं आणि मग एकदम ४३. एकही अवयव दोनदा नाही, सोळा विभाजक. गणितवाल्याला फार रोमांचक नाही हे. पण त्या ४३ ची एक मजा आहे. १२९० म्हणजे ४३ × ३०, तीस दिवसांचे त्रेचाळीस महिने, आणि बायबलच्या जुन्या करारात दानीएलच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात '१२९० दिवस' असा आकडा खरंच येतो. साडेतीन वर्षांचे महिने होतात बेचाळीस, बेचाळीस गुणिले तीस म्हणजे १२६०, आणि तोही आकडा बायबलमध्ये दुसरीकडे आहे. मग १२९० मध्ये तीस जास्तीचे कुठून आले? पुष्कळ अभ्यासकांचं म्हणणं, तो अधिक महिना. आपल्याला हे समजायला जड नाही, धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावणारी माणसं आपण, चांद्र महिने सौर वर्षाशी जुळवायचे तर मध्ये एक महिना घुसवावा लागतो हे आपल्याकडे पोरांनाही माहीत असतं. पण लक्षात घ्या, तिथे १२९० दिवस आहेत, साल नाही. मध्ययुगात काही लोकांनी त्या दिवसांची वर्षं करून जगबुडीची सालं काढली होती, ती सगळी आली आणि गेली.

शके १२१२ घेतलं तर? १२ × १०१. आणि आपल्याकडच्या माणसानं शोधलेला एक गुण त्यात आहे. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर, ज्यांचा ६१७४ जगभर प्रसिद्ध आहे, त्यांनी 'हर्षद संख्या' असं नाव दिलं त्या संख्यांना ज्यांना त्यांच्याच अंकांच्या बेरजेनं पूर्ण भाग जातो. १२१२ ची अंकांची बेरीज ६, भागाकार २०२, पूर्ण भाग गेला, म्हणजे १२१२ हर्षद. ज्ञानेश्वरीचं साल हर्षद, आनंद देणारं, काय सुंदर! पण १२९० ची बेरीज १२ आणि भाग जात नाही, सहा उरतात. वर्ष तेच बरं का. शकात आनंदी, इसवीत नाही.

कापरेकरांची ती ६१७४ वाली कृतीही करून बघा, अंक उतरत्या क्रमानं मांडायचे, चढत्या क्रमानं मांडायचे आणि वजा करायचे. १२९० वरून ९०८१, मग ९६२१, मग ८३५२, मग ६१७४. चार पायऱ्या. १२१२ वरून १०८९, मग ९६२१, ८३५२, ६१७४. याही चार पायऱ्या आणि दुसऱ्या पायरीपासून रस्ता एकच! आता हे मी कुणाला 'शक आणि इसवी शेवटी एकाच ठिकाणी मिळतात' म्हणून पाठवलं तर तासाभरात शंभर ठिकाणी फिरेल. पण चारही अंक सारखे नसलेला कुठलाही चार आकडी नंबर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर येतोच, तेच तर कापरेकरांनी दाखवलं, आणि रस्तेही मोजकेच आहेत, त्यामुळे एकत्र येणं हे काही नवल नाही.

सगळ्यात देखणा आकडा खरं तर ज्यूंच्या वाट्याला आलाय, ५०५०. एक ते शंभरची बेरीज, लहानग्या गाउसनं शाळेत चुटकीसरशी केली म्हणून जी गोष्ट सांगतात तीच. हर्षदही आहे, बेरीज १०, भागाकार ५०५. आणि ५० × १०१ आहे, आपला १२१२ म्हणजे १२ × १०१, दोघांत १०१! पण जोडी दोनदा लिहिली की १०१ येणारच, ३४३४ घ्या नाहीतर ८७८७ घ्या, तो दशमान लिखाणाचा गुण आहे. आणि इतका देखणा आकडा असूनही इंग्लंडच्या ज्यूंना त्या वर्षी काय भोगावं लागलं ते वर आलंच आहे.

अजून एक, अंकांच्या बेरजा वगैरे गोष्टी त्या काळच्या युरोपीय माणसाला सांगून कळल्याच नसत्या. तो साल रोमन अक्षरांत लिहायचा, एक हजार, दोन शंभर, आणि शंभरातून दहा कमी. त्यात अंकांची बेरीज कशाची करणार? १२९९ ला तर फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघानं हिशेबाच्या वह्यांत आपले हिंदू-अरबी अंक वापरायला मनाईच केली होती.

मग सालाच्या आकड्याचे खरे, कामाचे गुण कुठले? बाकी. भागाकारात उरते ती बाकी. जुन्या तारखा जुळवणाऱ्याची सगळी भाकरी बाकीवर चालते आणि मध्ययुगातले पंचांगकर्ते, इकडचे असोत की तिकडचे, सालाकडे तसंच बघायचे.

ज्युलियन कॅलेंडरमध्ये वार आणि तारखा २८ वर्षांनी परत त्याच येतात. चंद्राच्या तिथी १९ वर्षांनी. रोमन काळापासून कर आकारणीचं १५ वर्षांचं चक्र होतं, इटलीतले नोटरी दस्तावर ते घालायचेच. १२९० हे सूर्यचक्रात अकरावं, चंद्रचक्रात अठरावं आणि करचक्रात तिसरं. या तीन आकड्यांवरून त्या वर्षीचा ईस्टर २ एप्रिलला आणि १ जानेवारीला रविवार हे निघतं. वारांपुरतं बोलायचं तर २०२३ चं कॅलेंडर रद्दीत दिलं नसेल तर काढा, १२९० चे वार त्यावर बघता येतात, फक्त तारखा ज्युलियन धरायच्या. आणि २८, १९, १५ यांचा गुणाकार ७९८०, म्हणजे ११-१८-३ हे त्रिकूट ७९८० वर्षांत एकदाच येतं. १५८३ मध्ये स्कॅलिजर नावाच्या पंडितानं हेच धरून तिन्ही चक्रं जिथे एकत्र सुरू होतात ते साल मागे जाऊन शोधलं, इसवी सनपूर्व ४७१३, त्या हिशेबात १२९० हे ६००३ वं वर्ष. खगोलवाले आजही तिथूनच दिवस मोजतात, १ जानेवारी १२९० चा क्रमांक २१९२२३१. याला ७ नं भागा, बाकी ६, शून्य म्हणजे सोमवार, तर सहा म्हणजे रविवार. झालं काम.

बाक्यांवरून मुळातली संख्या काढायची ही रीत आपल्याकडे 'कुट्टक' म्हणून चांगली मुरलेली होती. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० मध्ये, त्यावर आख्खं प्रकरण आहे, आणि यादवांच्याच राज्यात चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा शिलालेख आहे. नेवाशात टीका लिहिली जात होती तेव्हा ते गणित त्याच राज्यात जिवंत होतं, हे मला त्या बारा-बारापेक्षा कितीतरी जास्त भारी वाटतं.

आपलं स्वतःचं चक्र साठ संवत्सरांचं. नर्मदेच्या दक्षिणेला सोपा फॉर्म्युला आहे, शकात १२ मिळवा, ६० नं भागा, बाकी जी येईल तो संवत्सराचा नंबर, प्रभव म्हणजे एक. १२१२ अधिक १२ म्हणजे १२२४, बाकी २४, चोविसावा संवत्सर विकृति. नाव ऐकून दचकू नका, तो नुसता क्रम आहे. फॉर्म्युला खरा कशावरून? एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांनी साल आणि संवत्सर दोन्ही लिहून ठेवलं, 'श्रीशके पंधराशें साहोत्तरीं । तारणनामसंवत्सरीं'. करा हिशेब, १५०६ अधिक १२, १५१८, बाकी १८, अठरावा तारण. चोख. ज्ञानेश्वरांच्या समाधीचं शके १२१८ करून बघा, बाकी ३०, दुर्मुख, परंपरेत तेच सांगतात. चीनचं प्राण्यांचं चक्रही मुळात साठाचंच, म्हणून विकृति संवत्सर आणि त्यांचा 'धातूचा वाघ' कायम बरोबरीनं चालतात, १२९० ला होते, २०१० ला होते. अर्घुनच्या पत्रातला वाघ तो हाच.

अशी दुहेरी नोंद म्हणजे आमच्यासाठी सोनं, कारण नुसता शक लिहिताना लेखनिक चुकतो, कधी चालू वर्ष धरतो कधी सरलेलं धरतो, संवत्सराचं नाव असलं की चूक पकडता येते.

आता बारा-बारा. 'शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें' ही ओवी कानाला इतकी गोड लागते की मुद्दाम जुळवल्याचा संशय यावा. पण एकनाथांची ओवी शेजारी ठेवा. बाराशतें बारोत्तरें, पंधराशें साहोत्तरीं. साचा एकच आहे, इतके शे आणि त्यावर उत्तर म्हणजे पुढे इतके, साल सांगायची तेव्हाची सरळ पद्धत. सहोत्तरी म्हटल्यावर तो नाद येत नाही, बारोत्तरी म्हटल्यावर येतो. साल काही कवीच्या हातात नव्हतं, ते आयतं मिळालं, आणि कान चांगला असल्यामुळे नाद वाया गेला नाही. मुद्दाम गूढ आकडा घालायचाच असता तर त्या काळी भूतसंख्या होत्याच, नेत्र म्हणजे दोन, इंदू म्हणजे एक, उजवीकडून डावीकडे वाचायचं, नेत्र-इंदू-नेत्र-इंदू लिहिलं की झालं १२१२. शिलालेखांत असले प्रकार भरपूर सापडतात. इथे मराठीत, कुणालाही कळेल असं, बाराशे बारा म्हणून सांगितलंय. आणि तुम्ही-आम्ही ज्या समीकरणात ही जादू बघतोय त्यातला १२९० तर तिथे नाहीच. उगाच खोड काढायची तर १२९६ घ्या, देवगिरीवर स्वारी, ज्ञानेश्वरांची समाधी, दोन्ही त्याच साली, आणि १२९६ म्हणजे ६ × ६ × ६ × ६! पण ते इसवीत. शकात ते १२१८, त्याचे अवयव २, ३, ७, २९, काही हाती लागत नाही.

शेवटचं, आणि प्रश्नाच्या मुळाशी जाणारं. १२१२ अधिक ७८ म्हणजे १२९० हे आपण सगळे डोळे झाकून करतो. मीही करायचो. एकदा एका घराण्याच्या कागदात माघ महिन्यातलं वतनपत्र होतं, मी ७८ मिळवून मोकळा झालो, आणि तक्ता लावल्यावर वडील जायच्या सहा-सात महिने आधीच मुलाच्या नावावर वतन झालेलं दिसायला लागलं. वडील भाद्रपदात गेले होते. शक पाडव्याला बदलतो, इसवी जानेवारीत, म्हणून वर्षाच्या शेवटच्या महिन्यांना ७९ मिळवावे लागतात. त्या घरच्या म्हाताऱ्या काकूंनीच ती चूक काढली, मी नाही.

शके १२१२ चा पाडवा १२९० च्या मार्चच्या मध्यावर आला आणि ते वर्ष १२९१ च्या मार्चच्या सुरुवातीपर्यंत चाललं, त्यातले माघ आणि फाल्गुन जवळजवळ पुरते १२९१ मध्ये पडतात. आणि ती ओवी फक्त साल सांगते. महिना नाही, पक्ष नाही, तिथी नाही, वार नाही. तेव्हा 'ज्ञानेश्वरी अमुक वारी अमुक तारखेला पूर्ण झाली' असा कुणी हिशेब दाखवला तर त्याला आधी महिना विचारा. लिखाण माघात नाहीतर फाल्गुनात हातावेगळं झालं असेल तर इसवी सन १२९१, आणि मग वर मी जेवढं १२९० बद्दल लिहिलं ते सगळंच ज्ञानेश्वरीच्या आदल्या वर्षाचं.